‘सत्य’ आणि ‘खरे’ : आपल्या धर्मभाषेतील एक दुरावा

मराठी घरातील आई आपल्या मुलाला ‘सत्य बोल’ असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, ‘खरं बोल.’ न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहणारा साक्षीदारदेखील ‘खरे सांगेन, खोटे सांगणार नाही’ अशीच शपथ घेतो. आणि हीच माणसे रविवारी मंदिरात आली, प्रवचनाला बसली, प्रार्थनेचे पुस्तक उघडून बसली, की त्यांच्या कानांवर ‘सत्य’ हा शब्द पडू लागतो. सत्याचा मार्ग, सत्याचा प्रकाश, सत्याचा आत्मा, सत्याची साक्ष! ‘खरे’ हा शब्द जणू पादत्राणांबरोबर दाराबाहेर काढून ठेवलेला असतो.

शब्दांच्या या वाटणीत वावगे काय, असे कोणी विचारील. प्रत्येक भाषेत देवघराचे शब्द वेगळे आणि ओसरीचे वेगळे असतातच. परंतु माझे म्हणणे असे, की या वाटणीत आपला तोटा झाला आहे. पवित्र ग्रंथ ज्या गोष्टीला सत्य म्हणतो, तिचा मोठा अंश मराठीने ‘खरे’ या शब्दात साठवून ठेवला आहे आणि नेमका तोच शब्द आपण धर्मभाषेत क्वचित वापरतो.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. ‘सत्य’ हा शब्द ‘सत्’ यापासून आला आणि ‘सत्’ हे ‘अस्’, म्हणजे असणे, या धातूचे रूप. जे आहे ते सत्. त्याच्याशी इमान राखणारे ते सत्य. वेदकाळी त्याच्या शेजारी ‘ऋत’ हा आणखी एक भारदस्त शब्द होता. सूर्य ज्या नियमाने उगवतो, पाऊस ज्या नियमाने पडतो, ती विश्वाची घडी म्हणजे ऋत. ‘ऋत’ काळाच्या ओघात मागे पडला. त्याचा नकार ‘अनृत’ तेवढा पोथ्यांतून उरला. बृहदारण्यक उपनिषदात ‘सत्य’ या शब्दाची एक मोठी गमतीदार फोड आहे. त्याची तीन अक्षरे पाडून ऋषी म्हणतात, की पहिले आणि शेवटचे अक्षर खरे, मधले मात्र असत्य. पण दोन्ही बाजूंनी सत्याने वेढल्यामुळे तेही सत्यच होऊन जाते. व्याकरणाला ही फोड मान्य होणार नाही. माणसांच्या बोलण्याचा मात्र त्या ऋषींना चांगला अनुभव असावा!

‘सत्य’चे प्राकृतात ‘सच्च’ झाले आणि मराठीत ‘साच’. ज्ञानदेवांच्या काळी हा शब्द अगदी चालता होता. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानी पुरुषाची वाणी कशी असते हे त्यांनी सांगितले आहे. तेथे ‘साच’ हा शब्द एकटा येत नाही. मृदुपणा, मोजकेपणा आणि रसाळपणा यांना सोबत घेऊन येतो. अहिंसेच्या प्रकरणात सत्याची गोष्ट निघावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे ‘साच’ बोलण्यातून गेला आणि संस्कृत ‘सत्य’ पुन्हा गादीवर बसले. गोव्याकडून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या घरगुती कोकणीत मात्र ‘सत’ आणि ‘फट’ ही जोडी अजून नांदते आहे.

‘खरा’ हा शब्द निराळ्या कुळातला. संस्कृतात ‘खर’ म्हणजे कठीण, राठ, तिखट. त्याच्याशी अभ्यासक याचे नाते जोडतात. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी ‘असणे’ नाही, ‘कठीण असणे’ आहे. जे दाबले तरी दबत नाही ते. म्हणूनच तो नाण्याला लागला, सोन्याला लागला. खरा रुपया, खरे सोने. त्याचा प्रतिस्पर्धी ‘खोटा’ हाही टांकसाळीच्या आणि तराजूच्या परिसरात वावरणारा. ‘खोट’ म्हणजे उणीव, तोटा. खोटे नाणे, खोटे माप. सोने कसाला लावले आणि उतरले तर ते खरे. आपल्या रत्नागिरीत तर या शब्दाची परीक्षा दर उन्हाळ्यात होते. पेटीवर नाव रत्नागिरीचे आणि पेंढ्यात आंबा भलतीकडचा, या प्रकाराने गांजल्यामुळे कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. त्या पेटीपुढे उभा राहून गिऱ्हाईक विचारते, ‘खरा हापूस ना?’ तेथे ‘सत्य हापूस’ असे म्हणून पाहावे, म्हणजे दोन शब्दांतले अंतर ध्यानी येईल. (जाता जाता, ‘खरे’ हे आपल्याकडे आडनावही आहे. गुहागरचे वासुदेवशास्त्री खरे यांनी ऐतिहासिक कागद छापण्यात उभी हयात घालवली. आडनावाला जागणारी माणसे अशीही निघतात.)

परंतु ‘खरे’ या शब्दाचा सर्वांत मोलाचा उपयोग नाण्यात नाही, वचनात आहे. ‘त्याने शब्द खरा केला’ असे आपण म्हणतो. याचा अर्थ त्याने जे सांगितले ते वस्तुस्थितीला धरून होते, एवढाच नाही. दिलेले वचन त्याने पाळले, असा आहे. शब्द उच्चारला तेव्हा तो खरा नव्हता आणि खोटाही नव्हता. माणसाने पुढे आपल्या वागण्याने तो खरा केला. ‘स्वप्न खरे झाले’, ‘व्यवहाराला खरा माणूस’, ‘वेळेला खरा उतरला’ हे सारे प्रयोग याच जातीचे. सत्य ‘असते’, खरे ‘होते’, ‘ठरते’, ‘केले जाते’, ‘उतरते’. मराठीने ही क्रियापदे ‘सत्य’ला फारशी जोडली नाहीत. भविष्यवाणी सत्य ठरते, एवढेच काय ते.

आता पवित्र ग्रंथाकडे वळू. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यात सत्याला ‘आलेथेया’ म्हणतात. त्याची रूढ व्युत्पत्ती अशी, की ‘लेथे’ म्हणजे झाकलेपण, विसर. ते जिथे नाही ते ‘आलेथेया’. झाकण काढले, दिसले, ते सत्य. ग्रीक मनाला ही कल्पना साजेशी आहे. त्यांना जग डोळ्यांनी समजून घ्यायचे होते. लॅटिनमध्ये ‘वेरितास’ आले आणि मध्ययुगात संत थॉमस अक्वायनस यांनी, बुद्धी व वस्तू यांचा मेळ बसणे म्हणजे सत्य, ही व्याख्या शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आम्ही सेमिनरीत ती पाठ केली आणि तिची थोरवी मी आजही मानतो. परंतु प्रभू येशू ज्यांच्यात वाढला, त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा हिब्रू. तिच्यात सत्याला ‘एमेत’ म्हणतात आणि हा शब्द ‘आमेन’चा सख्खा भाऊ आहे. दोघांच्या धातूचा अर्थ आहे पक्के असणे, टिकून राहणे, भार टाकला असता न डळमळणे.

निर्गम ग्रंथातील प्रसंग वाचकांना आठवत असेल. अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. टेकडीवर मोशे हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएल जिंकते, खाली आले की हरते. शेवटी हात जड झाले, तेव्हा त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी आधार दिला आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. या ‘स्थिर’पणासाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो ‘एमेत’च्याच धातूपासून आलेला ‘एमूना’. इब्री माणसाचे सत्य हे असे. दुखऱ्या दंडांचे, दुसऱ्यांच्या आधाराने संध्याकाळपर्यंत तोललेले. देव सत्य आहे असे स्तोत्रकार गातो तेव्हा, देवाविषयीचे विधान तर्काने सिद्ध झाले आहे, असे त्याला म्हणायचे नसते. देव खांदा काढून घेत नाही, असे त्याला म्हणायचे असते. म्हणूनच तेथे सत्याच्या जोडीला वारंवार ‘हेसेद’ म्हणजे अढळ प्रीती येते, आणि संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी कृपा आणि सत्य ही जोडी लावतो तेव्हा त्याच्या मनात हेच जुने गाणे घुमत असावे, असे अनेक भाष्यकारांना वाटते.

आता मराठीत याला जवळचा शब्द कोणता? ‘सत्य’ की ‘खरे’? योहान एके ठिकाणी सत्य ‘करणाऱ्या’ माणसाविषयी बोलतो. ग्रीकमध्ये ही रचना परकी वाटते, कारण ती हिब्रूतून आली आहे. मराठीत ‘सत्य करणे’ म्हटले तर वाचक अडखळतो. ‘खरे करून दाखवणे’ म्हटले तर शेतावरचा गडीही समजतो.

आपल्या जुन्या भाषांतरकारांना हे कळत नव्हते असे नाही. येशूच्या तोंडी येणारे दुहेरी ‘आमेन’ मराठीत कसे आणायचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्यांनी ‘खचीत खचीत’ असा शब्द योजला. आज तो जुनाट वाटतो, तरुण वाचक त्याला हसतात. पण मूळ अर्थ पाहा. ‘खचित’ म्हणजे जडवलेले, कोंदणात पक्के बसवलेले. रत्नखचित मुकुट म्हणतो तसे. कोंदणातला खडा हलत नाही, तशी ही गोष्ट हलणार नाही. ‘आमेन’चा धातू सांगतो तेच ‘खचीत’ सांगतो. भाषांतरकारांनी हे जाणून केले की भाषेने त्यांच्याकडून करून घेतले, कोण जाणे. क्रूस, बाप्तिस्मा, मिस्सा, पाद्री असे कितीतरी शब्द आपण परदेशातून उसने आणले. सत्यासाठी मात्र कोणाला उसनवारी करावी लागली नाही. घरात इतके होते.

एकोणिसाव्या शतकात ‘सत्य’ या शब्दाचे मराठीत काय झाले, तो इतिहास फार सुखद नाही. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, धर्मचर्चेला तोंड फुटले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही पक्ष प्रामाणिक; आणि दोन्ही पक्षांच्या हाती ‘सत्य धर्म’ हा शब्द तलवारीसारखा. सत्य आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. त्या धुमश्चक्रीत हा शब्द मालमत्तेच्या सातबारासारखा झाला. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी आपल्या समाजाला ‘सत्यशोधक’ हे नाव दिले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर जाणवते. शोधक! म्हणजे ज्याला अजून सापडायचे आहे तो. त्यांचा ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘सार्वजनिक’ हे विशेषणही तितकेच नेमके आहे. त्यांची आपल्या धर्माविषयीची व सर्वच धर्मांविषयीची मते आपल्याला पटोत न पटोत, शब्द निवडण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी विरळा.

पुढे गांधीजींनी या शब्दाला ‘आग्रह’ जोडला. आफ्रिकेतील लढ्याला नाव सुचवण्याचे आवाहन त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मधून केले, मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ सुचवले आणि गांधीजींनी त्याचे ‘सत्याग्रह’ केले. मराठीत आग्रह म्हणजे जेवणाच्या पंक्तीतला, आणखी एक पोळी वाढणारा! तरीही शब्द रुजला, तो माणसांनी खरा केला म्हणून. आणि त्यांपैकी एक माणूस आपल्या जिल्ह्यातला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे १८९४ साली जन्मलेले सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. गांधीजींची आत्मकथा मराठीत ‘सत्याचे प्रयोग’ या नावाने आपण वाचतो, ती त्यांच्या भाषांतरातून. भाषांतर सरळ, स्वच्छ, अलंकाररहित आहे. पण मला त्या भाषांतरापेक्षा भाषांतरकार अधिक बोलका वाटतो. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात मैला साफ करण्याचे काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिले जाई. अप्पासाहेबांनी ते काम आपल्याला मिळावे, अशी मागणी केली. तुरुंगाच्या नियमात ब्राह्मण कैद्याला भंगीकाम देणे बसत नव्हते. त्यांनी अन्नत्याग आरंभला. त्यांच्या समर्थनार्थ डिसेंबरच्या आरंभी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास सुरू केला आणि सरकारला प्रश्नाचा विचार करावाच लागला. पुढे १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम उभारला आणि मैल्याचे खत करणारा संडास तयार करण्यात बुद्धी खर्च केली. १९७१ साली ते वारले.

माणसे समान आहेत, हे विधान १९३२ साली किती तरी व्याख्यानांत सत्य म्हणून सांगितले जात होते. रत्नागिरीच्या तुरुंगात एका माणसाने हातात झाडू मागून ते खरे करण्याचा यत्न केला. योहानाच्या ‘सत्य करणाऱ्या’ माणसावर प्रवचन करायची वेळ आली, तर मला रत्नागिरीत तरी याहून जवळचे उदाहरण माहीत नाही. आणि ते ख्रिस्ती माणसाचे नाही, म्हणून ते सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. ‘देव सत्य आहे’ येथपासून गांधीजी १९३१ च्या सुमारास ‘सत्य हाच देव आहे’ येथे आले. नास्तिकालाही आपल्या पंक्तीला बसवता यावे, ही त्यामागील उदारता थोर आहे. आपण मात्र उलट्या बाजूने येतो. सत्य हे आपल्यापुढे तत्त्व म्हणून उभे नाही, व्यक्ती म्हणून उभे आहे; येशूने स्वतःलाच सत्य म्हटले. पिलाताने सत्य काय असते असे विचारले, तेव्हा त्याने व्याख्या मागितली आणि समोर माणूस बांधून उभा होता. व्यक्तीला ‘सत्य’ म्हणायचे तर बुद्धी व वस्तूंच्या मेळाची व्याख्या अपुरी पडते. व्यक्ती खरी असते, ती आपल्याशी खरी राहते, म्हणून.

ही चर्चा पुस्तकी वाटत असेल तर एक नित्याचा प्रसंग घ्या. आपल्याकडचा गंभीर रुग्ण तपासणीसाठी कोल्हापूरला किंवा मुंबईला नेला जातो. आठवड्याने परत आणतात. धर्मगुरू भेटीस गेला, की घरची माणसे त्याला अंगणातच गाठतात: ‘फादर, बाबांना काही माहीत नाही हं. खरं सांगू नका.’ त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. आत गेल्यावर बाबा हसून म्हणतात, ‘पावसापर्यंत उठून बसेन म्हणतात.’ घरातले सर्व एकमेकांकडे न पाहता मान डोलावतात.

अप्रिय सत्य बोलू नये, असे आपल्या परंपरेत एक वचन आहे. कॅथलिक धर्मशिक्षणही सत्य सांगण्याला विवेकाची मर्यादा घालते. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट कळण्याचा हक्क नसतो, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेखाली मांडले आहे. पण स्वतःच्या मरणावर ज्याचा हक्क नाही असा माणूस कोण? संत थॉमस सत्यवचनाला न्यायाच्या सद्गुणाशी जोडतात. ते देणे आहे, मर्जीची भेट नव्हे. त्या बाबांना कदाचित वीस वर्षे न बोललेल्या भावाला बोलवायचे असेल, बागेच्या वाटणीचा कागद करायचा असेल, पापनिवेदन करायचे असेल. आपण त्यांच्यापासून वेदना लपवत नाही, ती आहेच. त्यांची उरलेली संध्याकाळ लपवतो. आणि तरीही, अहवाल वाचून दाखवून निघून जाणे हेही ‘एमेत’ नव्हे. ज्याने सांगायचे त्याने नंतर बसायचे असते, हात धरायचा असतो, उद्या परत यायचे असते. हूर आणि अहरोन यांचे काम ते. ज्याला हे करणे जमणार नाही, त्याने सांगण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. ज्ञानदेवांनी ‘साच’ला अहिंसेच्या प्रकरणात का बसवले असेल, ते अशा खाटेपाशी कळते.

आता थोडे आपल्या लेखनाविषयी. आपल्या नियतकालिकांतून, पॅरिशच्या रौप्य व सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून जे येते, त्यात ‘सत्य’ हा शब्द मुबलक आहे आणि खरेपणा मोजका. मृत्युलेख घ्या. प्रत्येक दिवंगत व्यक्ती प्रेमळ, कष्टाळू, भक्तिमान आणि हसतमुख. एकालाही राग येत नसे, एकाचेही कर्ज नव्हते, एकानेही मुलाशी अबोला धरला नव्हता. नाव बदलले तर लेख दुसऱ्याला चालावा! स्मरणिकेत मंदिराच्या बांधकामाची देणगीदारांसह हकीकत असते. वर्गणीवरून दोन वाड्यांत झालेले भांडण आणि ते मिटवायला जी म्हातारी घरोघर फिरली ती नसते. भांडण छापायला लाज वाटते, म्हणून म्हातारीही जाते. आपल्या कवितांत ‘सत्य’ हे ‘नित्य’शी यमक जुळवायला येते आणि काम झाले की निघून जाते. सुवर्ताकारांनी पेत्राचे नाकारणे लपवले नाही, ते चौघांनीही लिहिले; पहिल्या पोपविषयी जे लिहिता आले, ते पॅरिशच्या सचिवाविषयी लिहिता येऊ नये काय?

‘खरे’ हा शब्द फार घरगुती आहे, उपासनेला शोभणार नाही, अशी हरकत जाणकार घेतात. या हरकतीपुढे मी पंडिता रमाबाईंना उभे करतो. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ज्यांना ‘सरस्वती’ म्हटले, त्या बाईंना संस्कृत शब्दांची वाण नव्हती. तरी केडगावच्या मुक्तिसदनात राहून हिब्रू व ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणताना त्यांनी जाणूनबुजून साध्या बोलीचा मार्ग धरला. दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बायकांना ते वाचता यावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्या आधी त्यांनी ते काम पुरे केले होते. पुस्तक १९२४ साली बाहेर आले. विद्वानांनी त्या भाषेला खडबडीत म्हटले. ‘खर’ या शब्दाचा एक अर्थ खडबडीत असाही आहे.